फोन काढून घेणार नाही

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. कारण ऊन. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की सकाळी दहानंतर नागपुरात पोराला कुणी बाहेर सोडत नाही. मैदानं ओस, खिडकीत कूलर, आईबाबा कामावर, आजी जरा आडवी झालेली आणि पोराच्या हातात मोबाइल. 'फोन ठेव आणि बाहेर खेळायला जा' हा सल्ला पुण्या-मुंबईच्या लेखांत वाचायला बरा वाटतो. इथे भर दुपारी तो देणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. आमच्याकडे वर्षातले दीड-दोन महिने तरी मुलं बराच वेळ इंटरनेटवरच राहणार आहेत. ती तिथे कशी राहतील, एवढाच प्रश्न उरतो.

*

पूर्व नागपुरातल्या एका शाळेत पालकसभेला बोलायला गेले होते. पुढच्या रांगेतल्या एक बाई निश्चिंतपणे म्हणाल्या, "आम्ही तिले फोन घेऊनच नाही देल्ला मॅडम. माझाच घेते." बाकीच्या आयांनी माना डोलावल्या.

मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतातही आली. खातं आपोआप खाजगी राहतं, ओळखीबाहेरच्या माणसाला मेसेज टाकता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद. सोळाच्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकाची परवानगी लागते. सोय चांगली आहे, पण ती जन्मतारखेवर चालते. आईच्या फोनवर, आईच्या खात्यात शिरलेली अकरा वर्षांची मुलगी कंपनीच्या लेखी अडतीस वर्षांची बाई असते. अडतीस वर्षांच्या बाईला जे दाखवायचं ते तिला दाखवलं जातं, आणि अशा बाईला जे लोक मेसेज करतात ते तिलाही करतात.

घरात जुना फोन असेल तर त्यावर मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं गूगल खातं उघडावं आणि फॅमिली लिंकने आपल्या फोनला जोडावं. नसेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत दुसरा 'युजर' तयार करता येतो. तेही जमत नसेल तर निदान ॲप पिन करून फोन हातात द्यावा, म्हणजे त्या एका ॲपबाहेर पडायला आपला पिन लागतो. आणि यूपीआयचा पिन आज बदलावा. पाचवीतल्या पोराला तो पाठ असतो, कारण किराणा दुकानात आपण तो त्याच्यादेखतच टाकतो.

*

गेममधली ओळख कशी वाढते ते एका मुलाने मला समजावून सांगितलं. ते इथे जसंच्या तसं टिपून ठेवते.

फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआयमध्ये चार जणांचा स्क्वाड लागतो. तीन मित्र असतात, चौथा 'रँडम' येतो. कानात हेडफोन, बोलणं हिंदीत. तो खेळतो चांगला, मरता मरता वाचवतो, "भाई, तू तो प्रो है" म्हणतो. काही दिवसांनी डायमंड किंवा एखादी स्किन भेट येते. मग म्हणतो, इथे आवाज नीट येत नाही, टेलिग्रामवर ये. मग बोलणं रात्रीवर जातं. मग हळूच चौकशी: फोन कुणाचा आहे, मम्मी किती वाजता झोपते, तुझी वेगळी खोली आहे का. मग "किसी को बताना मत". फोटोची मागणी या सगळ्याच्या नंतर येते.

आपण पालक फोटोवर नजर ठेवून बसतो. तोवर फार उशीर झालेला असतो. 'अनोळखी माणसाशी बोलू नको' हे वाक्यही इथे कामाचं नाही, कारण मुलाच्या मनात तो आता अनोळखी राहिलेलाच नसतो. तो स्क्वाडमधला दादा असतो. त्यापेक्षा मुलाला एवढंच सांगून ठेवावं: भेट देणारा, दुसऱ्या ॲपवर बोलावणारा आणि घरी सांगू नको म्हणणारा, असा कुणी भेटला की आम्हाला सांग. कायदाही फोटो जाईपर्यंत थांबत नाही. लैंगिक हेतूने मुलाशी पुन्हापुन्हा ऑनलाइन संपर्क साधणं २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम ११ मध्ये येतं. असल्या कामासाठी मुलाला ऑनलाइन नात्यात ओढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये येतं.

(बीजीएमआय २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. त्या मुलाला हा नियम ठाऊक होता. त्याने जन्मसाल १९९९ टाकलं होतं.)

*

२०१७चा ऑगस्ट. मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर ब्लू व्हेल या ऑनलाइन खेळाचं नाव घरोघरी पोचलं. शाळांची परिपत्रकं निघाली, केंद्र सरकारने कंपन्यांना लिंक काढायला सांगितलं, सोलापूरचा एक मुलगा घरातून निघून गेला आणि पोलिसांना भिगवणजवळ सापडला, तेव्हाही तेच नाव पुढे आलं. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही.

आपण काही महिने एका खेळाच्या नावाला घाबरलो. त्या मुलांच्या मनात आधीपासून काय चाललं होतं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. खेळाचं नाव दर दोन वर्षांनी बदलतं. जेवण कमी झालेलं, मित्र तुटलेले, रात्री झोप नाही, हाताला ओरखडे, ही लक्षणं काही बदलत नाहीत. अशा वेळी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

*

मुलांच्या काळजीपोटी फॉरवर्ड केलेल्या मेसेजांनी माणसं मारली आहेत, हेही लिहून ठेवायला हवं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवर अफवा आधीपासून फिरत होत्या. त्या पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण पोरांचं रक्षणच करतो आहोत असं वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

याला लागूनच दुसरी गोष्ट. एखाद्या लेकराच्या अत्याचाराची क्लिप येते, खाली लिहिलेलं असतं 'या नराधमाला पकडेपर्यंत शेअर करा'. ती शेअर करणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तर असं साहित्य न कळवता, न पुसता जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतं असा निकाल दिला. शिवाय त्या लेकराचा चेहरा आपण आणखी शंभर घरांत पोचवतो. क्लिप आली तर ती राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांना कळवायची. आतेभाऊ-मामेभावांच्या ग्रुपवर ती टाकायची नाही.

*

शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो. गणवेशावर शाळेचं नाव, गळ्यात आयकार्ड, मागे स्कूटरची नंबरप्लेट, त्यामागे घराचं फाटक. स्टेटसला ठेवला, सोसायटीच्या ग्रुपवरही गेला. मुलाबद्दल अनोळखी माणसाला जे जे हवं ते सगळं एका चौकटीत. फोटो काढावा, जरूर काढावा. आयकार्ड आत घालून काढावा.

*

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंद. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. माझं मन वडगावच्या बाजूने जातं. भोंगा वाजल्यावर आईची मालिकाही बंद होते आणि बापाचा फोनही खाली ठेवला जातो. बान्सीच्या ठरावात पाळायचं ते सगळं मुलांनी.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळाखालच्यांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. आपल्याकडे २०२३चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकाची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई करतो. हे व्हायलाच हवं होतं. कंपन्यांची जबाबदारी आईबापांच्या गळ्यात टाकून चालणार नाही. पण बंदी असलेल्या ठिकाणी गेलेलं पोर संकटात सापडलं तर ते घरी येऊन काय सांगणार? आधी त्याला बंदी मोडल्याची कबुली द्यावी लागते. बंदी घालणाऱ्या प्रत्येक घराने या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवावं.

*

हे एक घर मी जवळून पाहिलं. मुलगा अकरावीत, दिवसभर क्लास. इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाने रिक्वेस्ट आली, दोन दिवस गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल. कॉल संपल्यावर काही मिनिटांत त्याचंच रेकॉर्डिंग त्याच्याकडे आलं, सोबत त्याच्या फॉलोअरांच्या यादीचा स्क्रीनशॉट. यादीत मामी होती, क्लासचे सर होते. पैसे मागितले. त्याने आजीने दिलेले वाढदिवसाचे पैसे पाठवले. पुन्हा मागितले. त्याने मित्राकडून उसने घेतले. पुन्हा मागितले. पैसे दिल्यावर हे लोक थांबत नाहीत. हा देतो एवढं त्यांना कळतं.

घरी कळलं ते तो जेवेनासा झाला म्हणून. बापाचा पहिला प्रश्न, "काहून नाही सांगतलं बे?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सांगतलं असतं तं पयले फोनच गेला असता."

त्याला अब्रूची भीती होती, पोलिसांची होती, पण सगळ्यांत आधी फोन जाण्याची होती. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं. त्याच्यासाठी त्या फोनमध्ये क्लासच्या नोट्स आहेत, मित्र आहेत, त्याचं सगळं जग आहे. ब्लॅकमेल करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. घरी सांगितलंस तर तुझंच वाटोळं होईल, हेच तो मुलाला ऐकवत राहतो. आणि आपण वर्षानुवर्षं 'पुन्हा असं दिसलं तर फोन फोडून टाकीन' म्हणत त्याच्या बोलण्याला पुरावा पुरवत असतो.

म्हणून पालकसभेत मी आता एकच गोष्ट मागते. आज घरी जाऊन मुलाला सांगा: फोनवर काहीही झालं, चूक तुझी असली तरी, तू येऊन सांगितलंस तर मी फोन काढून घेणार नाही. आणि तशी वेळ आली तर शब्द पाळा. एकदा मोडला की पुढच्या वेळी ते पोर तुमच्याकडे येणार नाही. रागावायचं असेल तर नंतर रागवा, महिन्याभराने रागवा.

वेळ आलीच तर करायचं ते असं. आणखी पैसे देऊ नयेत. चॅट पुसू नये, मुलालाही पुसू देऊ नये. त्या खात्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नुसतं दाखवलेलं नाव पुरत नाही, ते खोटंच असतं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली तरच परत मिळण्याची आशा असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मूल आत्ता, या क्षणी धोक्यात असेल तर ११२ किंवा १०९८. आणि फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाकडे जात नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच पाठवला जातो. सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्या ठशाशी जुळणारं चित्र स्वतःच्या ॲपवरून हटवतात. मुलांना ही एवढी माहिती कळली तरी त्यांच्या खांद्यावरचा भार उतरताना दिसतो.

*

मुलगी असेल तर काय होतं, तेही लिहायला हवं. फोन जातो, मग क्लास जातो, मग 'पुरे झालं शिक्षण' सुरू होतं. गुन्हा तिच्यावर झाला आणि शिक्षाही तिलाच. एका मुख्याध्यापक बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या शाळेतली एक मुलगी मॉर्फ केलेल्या फोटोपायी नववीनंतर आलीच नाही. फोटो करणारा मुलगा त्याच वर्गात दहावीला बसला. तिच्या वडिलांना पोलिसांकडे जायचंच नव्हतं. ठाण्याची पायरी, वर्दीतले लोक, शेजारपाजार.

त्यांना कायद्यात काय लिहिलंय हे कुणी सांगितलं असतं तर कदाचित ते गेले असते. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, आणि अधिकारी वर्दीत नसावा. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलाची ओळख छापणं गुन्हा आहे. तक्रार करायला बापच लागतो असंही नाही. शिक्षक करू शकतात, शेजारी करू शकतात, मूल स्वतः करू शकतं. आणि मुलाने स्वतः तक्रार दिली तर कलम १९ म्हणतं की ती सोप्या भाषेत लिहून घ्यावी, म्हणजे आपलं म्हणणं काय लिहिलं जातंय हे त्या मुलाला कळेल.