ट्रान्सफॉर्मरचे चाळीस रुपये



परवा माझा एक जुना विद्यार्थी मुलीला घेऊन घरी आला. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला त्याची केळीची बाग आहे. रात्रीच्या लाइटीत मोटार सुरू करायला जायचं तर हातात टॉर्च हवीच, आणि ती चार्ज होत नव्हती. तुमच्याही घरी असेल तशी: मागून दोन पिना बाहेर सरकतात आणि टॉर्च सरळ भिंतीतल्या सॉकेटात खोचता येते.

मुलगी आठवीत आहे. टॉर्च तिने उघडूनच आणली होती. म्हणाली, "आजोबा, ही अशीच सॉकेटात लावते आणि मीटरने बघते चार्जिंग कुठं अडतंय."

मी ओरडलोच, "हात लावू नको!"

पोर दचकली. तिचा बाप हसला, "सर, तुम्ही अजून तसेच." मला मात्र हसू आलं नाही. का ते आज सांगून टाकतो.

मी बी.ए. मराठीचा माणूस. सोल्डरिंगचा नाद मला रेडिओमुळे लागला. सेल महाग पडायचे म्हणून एलिमिनेटर घरीच केला. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि पुढे ७८०६ ही तीन पायांची आयसी. ९ व्होल्ट एसीचं शिखर साधारण १२.७ व्होल्टचं असतं, त्यातले दीडेक व्होल्ट डायोड खातात, उरलेल्या अकरांचे पक्के सहा ती आयसी करते. कंडेन्सर लहान घेतला तर रेडिओतून घूंऽऽ असा आवाज येतो. तो ऐकत ऐकतच मी शिकलो.

तर १९९४ साली शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. एका मुलाला मी जिल्ह्याचा नकाशा करायला सांगितला. प्लायवूडवर यावल, जळगाव, भुसावळ, फैजपूर आणि आसोदा या ठिकाणी लाल एलईडी. मुलाने एकेका दिव्यापाशी बोट नेऊन माहिती सांगायची. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, आसोदा हे बहिणाबाईंचं माहेर, वगैरे. (विज्ञान प्रदर्शनात इतिहास घुसवण्याची खोड माझीच.)

ट्रान्सफॉर्मर चाळीस रुपयांना मिळत होता. एका मासिकात मला बिनट्रान्सफॉर्मरचं सर्किट दिसलं. ०.४७ मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्टचा कंडेन्सर फेजच्या वाटेत घालायचा, पुढे एक झेनर, एक डायोड, की झालं. ५० सायकलच्या विजेला हा कंडेन्सर सुमारे पावणेसात हजार ओहमसारखा अडवतो, म्हणजे ३० ते ३५ मिलिअँपिअरच्या वर करंट जात नाही. एलईडीला तेवढा पुरतो. खर्च पाच-सहा रुपये. मी खूश! घरी लावून पाहिलं, मागच्या उघड्या तारांना बोटसुद्धा लावून पाहिलं. काही नाही.

इथंच माझी अक्कल कमी पडली. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळी वेगवेगळी असतात. एकातली वीज दुसऱ्यात तारेने जात नाही, लोखंडी गाभ्यातल्या चुंबकत्वातून जाते. म्हणून पलीकडचे ९ व्होल्ट घरच्या लाइनपासून सुटे असतात. माझ्या सर्किटमध्ये एक तार थेट सॉकेटपासून एलईडीपर्यंत गेली होती, मध्ये काहीच नाही. घरी ती तार योगायोगाने न्यूट्रलला होती. पण दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. शाळेत तो उलटा बसला, आणि त्या तारेवर फेज आली. कंडेन्सर दुसऱ्याच तारेत, म्हणजे अडवायलाही कोणी नाही.

त्यात पाहुणे येणार म्हणून व्हरांडा धुतलेला, आणि पोरगं अनवाणी. आसोद्याचा दिवा लागेना म्हणून त्याने मागून तार हलवली आणि मागे फेकला गेला. सुदैवाने फेकला गेला. मूठ आवळली गेली असती तर... असो. शुद्धीवर होता, दंडापर्यंत हात कापत होता. म्हणाला, "सर, कोणीतरी हात धरून ओढल्यासारखं झालं."

हेडसर धावत आले आणि त्यालाच रागावले. नको तिथे हात घालतो, वगैरे. मी शेजारी उभा होतो. सर्किट माझं आहे, चूक माझी आहे, एवढी दोन वाक्यं बोलायची होती. बोललो नाही. नकाशा कापड टाकून झाकून ठेवला. त्या पोराला बक्षीस नाही, वर दंगेखोर असा शिक्का.

तो पोरगा म्हणजेच परवा आलेला हा बागायतदार.

पुढे मी एकच पथ्य पाळलं: ट्रान्सफॉर्मरशिवाय काही करायचं नाही. आजचे चांगले मोबाइल चार्जर वजनाने हलके असले तरी आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतोच. चौकोनात चौकोन अशी खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, तीही बघून घ्यावी. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि मधली पिन प्लस की मायनस ते पाहायचं. पण स्वस्तातली पिनवाली टॉर्च, डास मारायची रॅकेट, कितीतरी एलईडी बल्ब यांच्या आत माझं १९९४ चंच सर्किट थोड्याफार फरकाने बसलेलं असतं. बंद डबीत आहे तोवर ठीक. उघडून लाइनवर लावायचं नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सर कधी कधी पिनांवर चटका देतो, म्हणून पिनांना लगेच बोट लावू नये.

हे सगळं त्या मुलीला तोंडी सांगून पटेना. "बॅटरी तर चारच व्होल्टची आहे ना आजोबा?" मग पायात रबरी चपला घातल्या, टॉर्च लाकडी पाटावर ठेवली, तिला दोन हात लांब उभं केलं आणि लाइन दिली. टेस्टरचं टोक बॅटरीच्या तारेला टेकवलं. चार व्होल्टच्या बॅटरीवर टेस्टर पेटला!

मुलगी बघतच राहिली. मी स्विच बंद केला. तिचा बाप मागे उभा होता. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, म्हणजे तेव्हा मी काही चुकीचं केलं नव्हतं?"

"नाही रे. सर्किट माझं होतं. आणि मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं."

तो काही बोलला नाही. मुलीने टॉर्चचे सुटे भाग पिशवीत भरले. चहा घेऊन दोघं निघाले. फाटकापाशी वळून त्याने विचारलं, "हिला रविवारी पाठवू का सर, सोल्डरिंग शिकायला?"

भुसावळहून दोन ट्रान्सफॉर्मर आणून ठेवलेत.