चाकाचे पाच बोल्ट

कुंभार पिंपळगाव या गावाच्या नावातच चाक आहे. यिर्मया प्रवक्त्याच्या ग्रंथातील १८ व्या अध्यायामुळे कुंभाराचे चाक आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांतून पुष्कळदा फिरत असते. आज मात्र आम्ही लिहिणार आहोत ते जीपच्या चाकाविषयी.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील हा मुलूख काळ्या मातीचा आणि, जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे, उसाचाही. पावसाळ्यात चिखलाने भरणाऱ्या शिवारवाटा आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेली सडक, अशा ठिकाणी जुनी जीप अजून कामाला येते. १९४७ मध्ये महिंद्रांनी विलिस जीपचे सुटे भाग परदेशातून आणले, आणि त्या वंशातील जीपगाड्यांनी पुढे डॉक्टर, सरकारी अधिकारी व धर्मगुरू यांना खेडोपाडी पोहोचवले.

या जीपच्या प्रत्येक चाकाला पाच बोल्ट असतात. गॅरेजात त्यांना स्टड म्हणतात. त्यांचे डोके हबमध्ये घट्ट बसवलेले असते; बाहेर आलेल्या आट्यांवर चाक चढवून नट आवळतात. गाडीचे सारे ओझे या बोल्टांवर टांगलेले असते, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि मूळच्या लांबीवर येऊ पाहतो. त्या ओढीने चाक हबवर दाबले जाते. भार पेलते ते या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण. एक नट सैल झाला की दाब उणा होतो, चाक प्रत्येक फेऱ्यात यत्किंचित सरकते आणि उरलेले बोल्ट वाकू लागतात. आट्याच्या खाचेत केसासारखी चीर पडते आणि ती वाढत जाते.

कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर आमच्या जीपच्या पुढच्या डाव्या चाकातून असाच टकटक आवाज येऊ लागला. मागे एक बाळंतीण, तिचे तान्हे आणि सासू बसली होती. गाडी थांबवून पाहिले तो पाचांपैकी दोन बोल्ट तुटलेले. तिघांना दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवले आणि मिस्त्रीला बोलावणे धाडले. आम्ही म्हणालो, “दोनच बदला.” त्याने मान हलवली. “फादर, दोन टाकून भागत नसतं. तुटलेल्यांचा भार या तिघांनी वढला. वरून चांगले दिसतेत, आतून गेलेले असतेत. पाचीही बदलू.”

जीप गॅरेजात नेल्यावर काम सुरू झाले. मागच्या चाकांना दगड लावून गाडी जॅकवर उचलली. चाक उतरवून हब आणि ड्रम बाहेर काढला. जुन्या जीपमध्ये स्टडची कड ड्रमवर ठोकून फुलवलेली असते. ती आधी कापल्यावाचून घण घातला तर हबचे भोक मोठे होते आणि नवा स्टड त्यात पकड धरत नाही. म्हणून मिस्त्रीने कड कापली, मगच प्रेसवर स्टड काढले. शिवाय या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. ज्याला हे ठाऊक नसते तो नट सोडवण्याच्या भरात आवळत जातो आणि पान्याला लांब पाइप लावून बोल्टच तोडतो. उलट्या आट्यांचे नवे स्टड जालन्याहून आणावे लागले. डोके हबला टेकेपर्यंत ते दाबून बसवले, कड पुन्हा फुलवली. नट आवळताना त्याने एक सोडून एक असा क्रम धरला. चाक जमिनीवर टेकवून शेवटचा फेरा दिला, तोही पाइपाशिवाय. वाजवीपेक्षा अधिक ताणलेला बोल्ट सैल बोल्टाइतकाच निकामी ठरतो.

काढलेल्या तीन बोल्टांपैकी दोघांच्या आट्यांत चीर होती. सासूने निघताना उदरातून काढून दिलेल्या प्रार्थनेइतकाच त्या मिस्त्रीचा नकारही आम्हांला कृपादान वाटला.

संत पौलाने करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्रातील १२ व्या अध्यायात शरीराच्या अवयवांचा दृष्टान्त आहे. तो आम्ही सेमिनरीत शिकलो; त्याचा एक अर्थ गॅरेजात उमगला. एखाद्या घरातील कर्ता पुरुष कर्जाने वा व्यसनाने मोडतो. आपण सारे त्याच्याकडे धावतो, आणि ते योग्यच. पण त्याचा भार इतके दिवस कोणी ओढला? कोपऱ्यात उभ्या असलेल्या पत्नीने, शाळा सोडलेल्या थोरल्या मुलीने, ऊसतोडीला गेलेल्या धाकट्या भावाने. ती माणसे वरून धड दिसतात, रविवारी मिस्सेलाही येतात, म्हणून त्यांची विचारपूस कोणी करत नाही. पुढची मोडतोड तिथेच होते. धर्मग्रामातील सेवाभावी मंडळींची गोष्टही हीच. एकाने काम सोडले की त्याचा वाटा मुकाट्याने उचलणाऱ्याला आपण शाबासकी देतो आणि आणखी एक काम सोपवतो.

वाचकहो, आपल्या वाहनांत संत ख्रिस्तोफरचे पदक असते, वाहनावर आशीर्वादही मागितलेला असतो. तो आशीर्वाद पान्याची जागा घेत नाही; पाना धरणाऱ्या हाताला तो जागे ठेवतो. निघताना मिस्त्रीने बजावले होते की शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा. नवे बोल्ट बसताना थोडे सैल पडतात. आम्ही तपासले. दोन नट पाव फेरा फिरले. कोणा कुटुंबाचे दुःख निवारल्यावर महिन्याभराने पुन्हा त्या दारी जाणे, हा तसाच पाव फेरा होय. जाल तेव्हा ज्याच्यासाठी गेलात त्याच्याशेजारी बसलेल्या माणसालाही विचारा, “बाई, तुम्ही कशा आहात?”