मामाचं इंजिन आणि माझी डिग्री

मालवणला पोचलो ते मामाच्या होडीचं आऊटबोर्ड इंजिन खोलायचं ठरवूनच. ऐंशीच्या दशकातलं, टू-स्ट्रोक, पेट्रोलवर स्टार्ट करून मग रॉकेलवर चालवायचं. चार वर्षं पडवीत गोणपाटाखाली पडून होतं. मामा भंगारात देणार होता. म्हटलं, एक वीकेंड दे मला!

दोरी ओढली तर हाताला जोरच लागेना. म्हणजे कॉम्प्रेशन गेलेलं. हेड उघडलं आणि बघतो तर काय, पिस्टनवर डांबरासारखा कार्बन! टू-स्ट्रोकमध्ये ऑईल इंधनातच मिसळतात, ते सगळं जळत नाही. त्यात रॉकेल, आणि मासेमारी करताना तासन्‌तास हळू चालवणं. एक्झॉस्टचं भोक निम्मं बुजलेलं, रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या. रिंग सिलिंडरला टेकलीच नाही तर कॉम्प्रेशन येणार कुठून?

मी स्क्रूड्रायव्हरने खरवडायला लागलो. दोन मिनिटांत पिस्टनवर हा लांब ओरखडा! ॲल्युमिनियम मऊ असतं, हे परीक्षेत मीच लिहिलं होतं. मामा काही बोलला नाही. बांबूची कामटी तासून हातात दिली. रिंग काढताना तुटली, तर त्याच तुकड्याने त्याने खाच साफ केली. तुकडा खाचेत बरोब्बर बसतो. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मामा, ऑईल किती घालायचास?"

"अंदाजान. वाईच जास्तच. दर्यात बंद पडला तर?"

म्हटलं, त्या जास्तीच्या ऑईलनेच इंजिन कोंडलं.

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "बाटलयेर सगळा इंग्लिश. तू मे म्हयन्यात येतंस, आंबे खाऊन जातंस. माका कोण सांगतलो?"

मला उत्तर सुचलं नाही.

नव्या रिंगा, नवीन गॅस्केट, हेडचे बोल्ट आमनेसामने थोडे थोडे आवळले. रविवारी संध्याकाळी पाण्याच्या पिंपात इंजिन उभं केलं. सातव्या ओढीला भकभक धूर, आणि सुरू! मामा हसला, मग डोळे पुसले. धुरामुळे म्हणे.

निघताना मॅन्युअलमधलं प्रमाण पडवीच्या भिंतीवर खडूने मोठ्ठं लिहिलं: ३ लिटरला १०० मिली. हे काम दहा वर्षांपूर्वीच करता आलं असतं. खडूच तर लागत होता.