फॉर्म कोण भरतं?

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आमच्या शरीररचनाशास्त्र विभागातल्या दोघा-तिघांना कागदपत्रं तपासायच्या टेबलावर बसवतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला लागल्यापासून हे काम माझ्याकडे येत आलंय, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. पुढं वर्गात रोल नंबर होणारी पोरं इथं आईबापांसकट भेटतात.

"बाळ, नाव काय तुझं?" मी विचारते. उत्तर वडील देतात. "बारावीला पीसीबीचे किती?" पुन्हा वडीलच. फाईल आईच्या मांडीवर, ओटीपी येणारा मोबाईल मामाकडे, लॉगिनचा पासवर्ड क्लासच्या सरांकडे. 'नीट' या प्रवेश परीक्षेचा 180 प्रश्नांचा पेपर ज्यानं सोडवला तो बाजूला उभा राहून टेबलाच्या कडेवर नखानं रेघोट्या ओढत असतो.

अकरावी-बारावीतली पोरं सल्ला मागायला येतात तेव्हा मी म्हणूनच अभ्यासाचं बोलत नाही. ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मी म्हणते, अर्ज तुझ्या हातानं भर. आणि त्याची सुरुवात अकरावीत कर.

अकरावीत का, तर कागदांसाठी. वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला सेतूत अर्ज केल्यावर तसा वेळेत मिळतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा तो कोणत्या सालच्या मार्चपर्यंत चालतो एवढं बघावं लागतं. खरी दमवणूक जात वैधता प्रमाणपत्राची. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचा अर्ज कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे जातो. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर तहसिलातलं कोतवाल बुक. हे निकालानंतर शोधायला निघालात तर समितीच्या दारात तुमच्यासारखेच शेकडो उभे असतात. वैधता हातात नसली की राखीव जागेवरचा हक्क अडतो. शासन कधी मुदतवाढ देतं, कधी देत नाही. त्या भरवशावर कुणी राहू नये.

मागं एक मुलगी आली होती. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव ज्ञानेश्वर, वैधतेवर ज्ञानोबा. वडील गडबडले, "मॅडम, एकच आहे हो, मीच आहे," म्हणत आधारकार्ड पुढं करू लागले. मुलीनं त्यांचा हात हळूच बाजूला केला, फाईलमधून प्रतिज्ञापत्र काढलं आणि त्याखाली जिल्हा परिषद शाळेचा उतारा ठेवला. शाईनं लिहिलेला जुना रकाना, 'ज्ञानोबा'वर बोट. "हे बाबांचं शाळेतलं नाव. पुढं नोकरीत ज्ञानेश्वर लागलं. उतारा काढायला मीच गेले होते, म्हणून माहितीय." दोन मिनिटांत काम झालं. उतारा आणायला शाळेत वडील एकटे गेले असते, तर तिलाही टेबलाशी गप्प उभं राहावं लागलं असतं.

कागदांनंतर पसंतीक्रम. इथं तर पोरांना कुणी विचारतच नाही. कुणी समुपदेशक पैसे घेऊन यादी करून देतो, कुणी आतेभावाची गेल्या वर्षीची यादी उतरवतो. बऱ्याच घरांत एवढंही ठाऊक नसतं की शासकीय कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची एमसीसी भरते आणि 85 टक्के आपल्या राज्याचा सीईटी सेल. दोन्हीकडची नोंदणी वेगळी, वेळापत्रक वेगळं.

यादीचा हिशेब खरं तर सोपा आहे. गुणवत्ताक्रमात तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिल्यांदा जिथं जागा शिल्लक दिसेल ती तुम्हाला मिळते. म्हणून 'मुंबईचं केईएम कशाला लिहायचं, आपल्याला थोडंच मिळणार' या बोलण्याला अर्थ नाही. लिहिल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते भरती म्हणून लिहिलेल्या नावानं: जिथं जायचंच नाही ते मिळालं की गळ्यात पडतं. एका मुलाला मिळालेलं कॉलेज यादीत खूप खाली होतं, पुढच्या फेरीत वरचं मिळायची शक्यता चांगली होती. मामांनी त्याच्या वतीनं स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून दिला. जागा राखायची तर हा भरायलाच हवा, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात तो फॉर्म भरला की पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. माहितीपुस्तिकेत हे छापलेलं असतं. ती दरवर्षी नवी निघते, नियमही थोडेफार बदलतात, पण वाचतं कोण?

दुसरा हमखास प्रश्न, "मॅडम, 550 वर लागेल का?" याला मी उत्तर देत नाही. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरसुद्धा 17 जणांना पैकीच्या पैकी, 720 गुण होते. 2025 मध्ये पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याचे गुण 686. गेल्या सालच्या गुणांवरून यंदाचा अंदाज बांधण्यात हशील नाही. गुण सोडा, क्रमांक बघा. तोही आपल्या प्रवर्गातला, आपल्या कोट्यातला.

कॉलेज निवडताना फी, वसतिगृह, घरापासूनचं अंतर हे सगळं बघतात, बघावंच. पण तिथं शिकायचं कसं असतं हेही विचारावं. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 चं. नीट येण्याआधी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांचाही पेपर असे. आजही तिथं नवी मुलं आधी आश्रमात शिबिराला राहतात, खादी घालतात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. कुणाला हे फार आवडेल, कुणाला चार दिवसांत नकोसं होईल. यादीत ते नाव कितव्या नंबरला लिहायचं हे मामा कसं ठरवणार? शासकीय कॉलेजात शिकलात तर पुढं एक वर्षाची शासकीय सेवा बंधनकारक आहे, हेही प्रवेशाच्या दिवशी बंधपत्रावर सही करताना पहिल्यांदा कळणारे आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक वेगळं सांगते. नीट मराठीतून देता येते, पण पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन ही सगळी पुस्तकं इंग्रजीत. आमच्या विच्छेदन कक्षात पहिल्या दिवशी फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात, एखाद्याला घेरी येते; आठवड्यात सगळे सरावतात. इंग्रजीतून धडाधड वाचायची सवय मात्र आठवड्यात लागत नाही. आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेला प्रयत्न चारच. म्हणून एनसीईआरटीचं जीवशास्त्र मराठीबरोबर इंग्रजीतूनही वाचा, मोठ्यानं वाचा. आमच्याकडची कितीतरी हुशार पोरं विषयात कधीच अडत नाहीत, वाक्यात अडतात.

गेल्या हंगामात अकरावीतली एक मुलगी मोठ्या भावाच्या प्रवेशाला आली होती. भावाचं काम चालू असताना मला म्हणाली, "मॅडम, मला विच्छेदन कक्ष बघता येईल का? मला जमेल की नाही ते आधीच कळलं असतं." तसा बाहेरच्यांना आत प्रवेश नसतो, आणि माझ्या मते त्यानं काही कळतही नाही. मी तिला विचारलं, घरी औषधं चालू असलेलं कोण आहे? म्हणाली, आजी. बीपी आणि साखर.

"मग पुढच्या खेपेला आजीला सरकारी दवाखान्यात तू ने. केसपेपरच्या रांगेत तूच उभी राहा. ओपीडीत डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात, काय विचारतात, काय विचारायचं राहून जातं, ते बघ. औषधाच्या खिडकीवर गोळी नाही म्हणाले तर बाहेरून केवढ्याला पडते ते बघ. घरी आल्यावर गोळ्या कधी घ्यायच्या ते आजीला तू समजावून सांग, आणि आठ दिवसांनी तिला विचार, काय लक्षात राहिलं."

"आणि कंटाळा आला तर?"

"तर बारावीच्या आत कळलं. फॉर्म भरायच्या आधी."

भाऊ तेवढ्यात पावती घेऊन आला. तिनं ती त्याच्या हातातून घेतली, नाव आणि नीटचा रोल नंबर गुणपत्रिकेशी ताडून पाहिला आणि फाईलमध्ये लावली.