बरणीतला वाफसा

वैशाखातली दुपार. गॅलरीच्या कठड्याशी काचेच्या बरणीतला पुदिना मान टाकून उभा होता. पहिले तीन दिवस असे झाले की सकाळी तरारलेली पाने बाराच्या सुमारास लोंबत आणि संध्याकाळी पुन्हा सावरत. चौथ्या दिवशी ती सावरलीच नाहीत. बरणी तर गळ्यापर्यंत भरलेली. पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कोमेजावे, हे काही मला उमजेना. मग सगळे जे करतात तेच मीही केले. आणखी पाणी ओतले, आणि वरून खताच्या द्रावणाचे एक झाकण जास्तीचे.

त्याच आठवड्यात मामा आले. साताऱ्याकडे त्यांची आल्याची शेती आहे. चहाचा कप कठड्यावर ठेवून त्यांनी जाळीची कुंडी बरणीतून वर उचलली आणि सरळ नाकाशी नेली.

"अगं, ही तर कूज. आमच्या आल्याला लागते तीच. ह्याला वाफसा कुठाय?"

पाण्यातल्या झाडाला वाफसा! मला हसू आले. पाऊस उघडला की शेतकरी लगेच पेरायला धावत नाही. मातीची मूठ दाबून बघतो. ओल आहे पण चिखल नाही, कणाकणांच्या फटीत पाणी आहे तशी हवाही आहे, अशी माती हाताला लागली की म्हणतो, वाफसा आला. पण बरणीत मातीच नाही, तर वाफसा यायचा कुठून?

मामांनी एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले. वरची साल पायमोज्यासारखी सुटून त्यांच्या बोटांत आली. मागे राहिला केसाइतका बारीक, फिकट दोरा. ती साल म्हणजे मुळाचे मांस आणि तो दोरा म्हणजे पाणी वर नेणारी नळी. नळी शाबूत होती, पण तिला पाणी मिळवून देणारे सगळे सडून गेले होते. पाण्यात उभ्या पुदिन्याची तहान मला तेव्हा कळली.

नुसत्या रंगावर जाऊ नये, हेही त्या दिवशी शिकले. लोहयुक्त खताने धडधाकट मुळेही तांबूस होतात. नळाखाली धुऊन बघावीत. टणक लागली, आतून पांढरी निघाली आणि त्यांना ताज्या भाजीसारखा वास असला, तर तो नुसता डाग. बुळबुळीत लागली, गटारासारखा वास आला, साल सुटली, तर ती मूळकूज.

ही कूज करणाऱ्या जिवाचे नाव पिथियम. दिसायला बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते पाण्यातून पोहत मुळापर्यंत जातात. आल्याची कंदकूज त्याचीच, आणि रोपवाटिकेत मिरची-टोमॅटोची कोवळी रोपे कोलमडतात त्यातही बहुधा त्याचाच हात असतो. धाप लागलेले मूळ मात्र त्याला आयतेच सापडते.

कारण मूळ श्वास घेते. पान उन्हात प्राणवायू बनवते, पण खाली अंधारात बसलेल्या मुळाला तो आपल्या भोवतालातूनच मिळवावा लागतो. लिटरभर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. लिटरभर पाण्यात मात्र २० अंश सेल्सिअसला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना साडेसात. शिवाय साचलेल्या पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. उन्हाळ्यात पाणी तापते तशी मुळाची धाप वाढते आणि नेमका तेव्हाच पाण्यातला साठा घटतो. माझा पुदिना तहानेच्या आधी गुदमरला होता.

तेव्हापासून खाडीकाठची तिवरे मी वेगळ्या नजरेने बघते. ओहोटीला चिखलातून पेन्सिलीएवढी शेकडो टोके वर आलेली दिसतात. ती तिवराची श्वास घेणारी मुळे. भाताने दुसरी वाट काढली. खोडापासून मुळापर्यंत त्याच्या अंगात हवेच्या पोकळ्या असतात आणि गुडघाभर पाण्यातही पानांकडची हवा त्यांतून खाली उतरते. चिखलात उभे राहूनही ज्याने त्याने आपला वाफसा राखला आहे. अशा झाडांपुढे आपोआप हात जोडले जातात.

पुदिन्याकडे एवढी सोय नाही, आणि तरी माणूस त्याला फार पूर्वीपासून पाण्यात वाढवत आला आहे. १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी पावसाच्या, थेम्स नदीच्या आणि माती मिसळलेल्या पाण्यात पुदिनाच वाढवून पाहिला होता. मातकट पाण्यातला जास्त वाढला. मातीविना शेतीची गोष्ट सांगताना हा प्रयोग हटकून आठवतात.

आम्ही मग नव्याने सुरुवात केली. कुजलेला गड्डा फेकला, बरणी आणि जाळी घासून कडक उन्हात वाळवली. शेंड्याकडची निरोगी काडी खुडून साध्या पाण्यात ठेवली. उजेड आत गेला की शेवाळ धरते, म्हणून बरणीला काळा कागद गुंडाळला. ती कठड्यावरून काढून सावलीच्या कोपऱ्यात नेली. मुळे फुटल्यावर खताचे द्रावण बेताचे दिले आणि सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखला. द्रावण दर पंधरवड्याला बदलते.

मुख्य म्हणजे बरणी गळ्यापर्यंत भरणे सोडले. हवाई विद्यापीठातले संशोधक बी. ए. क्रॅटकी यांची पद्धत यावरच उभी आहे. पाणी जसे उतरत जाते, तशी वरची मुळे दमट हवेत उघडी राहतात. ती श्वासाची मुळे होतात, आणि खालची पाण्याची. ती वरची मुळे पुन्हा बुडवायची नाहीत. मामांना हे सांगितले तर म्हणाले, "मग आम्ही आलं गादीवाफ्यावर का लावतो?" ज्यांना भरलेलीच बरणी हवी, त्यांनी मत्स्यपेटीचा छोटा हवापंप लावावा आणि वीज गेली की तो बंद पडतो हे ध्यानात ठेवावे.

दहाव्या दिवशी झाकण उचलले. झोपलेल्या लेकराचे पांघरूण दूर करावे तसे, जरासे, क्षणभर. काडीच्या पेरातून पाच-सहा मुळे खाली उतरली होती, शुभ्र, ताठ. पाण्याच्या वर राहिलेल्या भागावर कापसासारखी बारीक लव होती. ही लव बुरशी समजून कुणी पुसून काढू नये, ती मुळाचीच रोमके. बरणीत बोटभर मोकळी जागा होती आणि तिच्या भिंतीवर दव जमले होते. पाणीही होते, हवाही होती. वाफसा आला होता.

आपण फुलाकडे बघतो, पानाकडे बघतो, आणि झाड मान टाकते तेव्हा हातात पाण्याचा तांब्या घेतो. तुमच्याकडेही अशी एखादी बरणी असेल, तर तांब्या उचलण्याआधी झाकण उचला. आठवड्यातून एकदा मुळांचा वास घ्या.