पांढरा बॉल कुठे थांबतो

नगरच्या सावेडीतल्या एका पूल पार्लरमध्ये एका पोराने ब्रेक केला, आपले सातही बॉल ओळीने घातले आणि वर काळा घालून डाव संपवला. एकही शॉट अवघड दिसला नाही. दर वेळी पांढरा पुढच्या बॉलच्या सोयीच्या बाजूला येऊन थांबत होता. भिंतीकडेच्या बाकावरच्या मुलांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी बॉल दोन कुशनांना आपटून भलत्याच होलमध्ये पडला आणि सगळं पार्लर ओरडलं.

व्यावसायिक पूल सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत का पोचत नाही, याची कारणं विचारली की पैसा नाही, टीव्ही नाही, प्रायोजक नाहीत असं ऐकायला मिळतं. ते खरंच आहे. पण माझ्या मते मूळ अडचण त्या दोन टेबलांपाशी दिसते. या खेळात जो खरा तयार, त्याचे शॉट सोपे दिसतात, कारण अवघड शॉट वाट्याला येऊच नये याची तजवीज त्याने आधीच्या शॉटलाच केलेली असते. त्याचं सगळं कसब पांढरा कुठे थांबतो यात असतं, आणि बघणाऱ्याचे डोळे होलकडे लागलेले असतात.

*

नगरच्या माणसाला हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. कॅरम इथे घरोघरी आहे. कट कसा मारायचा, रिबाउंड कुठून घ्यायचा, राणी घेतल्यावर कव्हर का लागतं, हे दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. म्हणजे कोन कळतो. मग फरक उरतो तो एवढाच: कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी उचलून आपल्या रेषेवर हवा तिथे ठेवता येतो, पूलमध्ये पांढरा जिथे थांबला तिथूनच पुढचा शॉट घ्यायचा. घरी एक बोर्ड असा खेळून बघा. स्ट्रायकर उचलायचा नाही, थांबेल तिथूनच मारायचा. पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं, आणि त्या सावेडीतल्या पोराने काय केलं ते कळतं.

स्ट्रायकर होलमध्ये गेला की ड्यू बसतो. पूलमध्ये पांढरा गेला की फाउल, आणि नाइन-बॉलमध्ये तर समोरचा तो हातात घेऊन टेबलावर कुठेही ठेवतो. शिक्षा किती मोठी आहे हे कॅरमवाल्याला एका वाक्यात पटतं.

*

टीव्हीवर व्यावसायिक पूल म्हणून जे दिसतं ते बहुतेक नाइन-बॉल. टेबलावर नऊच बॉल, सगळ्यांत लहान आकड्याच्या बॉलला पांढरा आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबर नियमात पडला की डाव संपला. आधीचे आठ कुणी घातले याला किंमत नाही. डाव छोटा, म्हणून प्रक्षेपणाला सोयीचा. पण आपल्या पार्लरमध्ये खेळतात तो एट-बॉल, आपले सात आणि मग काळा, त्यामुळे रोज खेळणारा पोरगाही स्पर्धा लावली की गोंधळतो. एकाने आठ बॉल घालायचे आणि दुसऱ्याने शेवटचा घालून जिंकायचं, हे त्याला अन्यायाचं वाटतं. त्या आठव्या बॉलनंतर पांढरा चुकीच्या जागी गेला, म्हणून नववा हुकला, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. सांगणारा नसतो.

*

२०२५च्या फेब्रुवारीत इथे वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची गदा पृथ्वीराज मोहोळने घेतली. उपांत्य कुस्तीच्या निकालावरून वाद पेटला. पुढे कितीतरी दिवस टपरीवर, दुकानात, एसटी स्टँडवर लोक खांदे टेकले होते की नव्हते यावर भांडत होते. ज्यांनी आयुष्यात कधी लांग बांधली नाही तेसुद्धा. पंचाचा निर्णय चूक की बरोबर हे सांगण्याइतका खेळ ज्यांच्या अंगात मुरलाय, असा तो प्रेक्षक. आखाड्याच्या कडेला बसून पिढ्यान्‌पिढ्या बघितल्याने तो तयार झालाय. पूलच्या कडेला बसायला आपल्याकडे जागाच नव्हती.

*

बिलियर्ड्स आणि स्नूकर हे पूलचे भाऊबंद इथे आले ते लष्कराच्या मेसमधून. स्नूकरचा जन्मच तिथला: १८७५ साली जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून नवा खेळ काढला असं मानतात. नगर तर छावणीचंच गाव. किल्ला इंग्रजांनी १८०३मध्ये घेतला, भिंगारला कॅम्प वसला, आज आर्मर्ड कोअर सेंटर इथे आहे. पण मेसमध्ये काय खेळतात हे कापडबाजाराने कधी पाहिलं नाही. पुण्या-मुंबईत तेच काम जिमखान्यांनी केलं. मेंबर असाल तर आत या.

पार्लर आली तेव्हा मेंबरशिपची अट गेली, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र पार्लर तासावर चालतं. जागेत मावतील तेवढी टेबलं बसवायची आणि उरेल त्यात एक बाक. नुसतं बघायला येणारा माणूस मालकाच्या हिशेबात बसत नाही.

*

विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, १९२२ साली. १९५८मध्ये कलकत्त्याला ते जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६४मध्ये पुन्हा जिंकले. पुणे इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. श्रीरामपूरचा झहीर आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा रहाणे हे क्रिकेटपटू आपल्या जिल्ह्यात पोराटोरांना माहीत आहेत, आणि ते योग्यच आहे. जोन्सचं नाव मात्र मी पार्लरमध्ये, हातात क्यू घेतलेल्या मुलांना विचारलं तरी ओळखीचं निघत नाही.

मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकले: १९७७, १९८१, १९८३. पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी ती नाकारली. गावसकरांना पद्मभूषण आणि बिलियर्ड्सच्या जगज्जेत्याला पद्मश्री, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढे १९८३मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. कुणी याला अहंकार म्हणेल. मला ते फार मोलाचं वाटतं. आपल्या खेळाची किंमत दुसऱ्याने कमी लावली तर ती घ्यायची नाही, हे त्यांनी एकट्याने करून दाखवलं.

*

पडद्यावर हा खेळ चालत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी. १९६९मध्ये बीबीसीने ‘पॉट ब्लॅक’ नावाचा स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला. रंगीत टीव्ही नवा होता आणि रंग दाखवायला स्नूकरसारखा खेळ नाही. एका सामन्याला एकच फ्रेम, बघायला सोपी. सोळा वर्षांनी, एप्रिल १९८५मध्ये, डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिसची जागतिक अंतिम लढत पस्तिसाव्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलपर्यंत गेली. मध्यरात्र उलटली होती. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागे राहून बघत होते. एवढे लोक त्या रात्री अचानक शहाणे झाले नव्हते. सोळा वर्षं थोडं थोडं करून त्यांना पांढऱ्याकडे बघायला शिकवलं गेलं होतं.

*

फिलिपिन्सची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. एफ्रेन रेयेस लहानपणी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये राहायचा, झाडलोट करायचा आणि हात पोचत नाही म्हणून कोल्ड्रिंकच्या क्रेटवर उभा राहून खेळायचा. १९९९मध्ये कार्डिफला तो जगज्जेता झाला. त्या देशात पूलचं टेबल गल्लीत, छपराखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर असतं. सामना चालू असला की भोवती लोक जमतात, बोलतात, चुका काढतात. रेयेस घडला तो त्या गर्दीत. त्याचे शॉट बघून हसायचं कुठे आणि थक्क कुठे व्हायचं, हे त्या गर्दीला कळत होतं.

*

शांतता. आपल्याकडे स्पर्धा भरवली की पहिली सूचना असते, आवाज करू नका. कुस्तीला हलगी वाजवणाऱ्या गावाला ही सूचना द्यायची आणि गर्दीची अपेक्षा करायची, हे जमणार नाही. १९९४पासून युरोप आणि अमेरिका यांच्यात मॉस्कोनी कप नावाची पूलची सांघिक स्पर्धा होते. तिथे प्रेक्षक गाणी म्हणतात, आरोळ्या ठोकतात, आणि जगातले उत्तम खेळाडू त्यातच खेळतात. पूलला गोंगाट सोसतो. कबड्डीने २०१४मध्ये प्रो लीग काढताना चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लावलं, खेळाचा जीव तोच ठेवला आणि बघणाऱ्याची सोय केली. पूलमध्ये शॉटचं घड्याळ आहेच, फक्त ते प्रेक्षकाला दिसेल असं मोठं लावा.

*

मोबाइलवरचा ‘एट बॉल पूल’ नगरात किती पोरं खेळतात ते कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर दिसेल. पूलच्या प्रचारकांना हे भांडवल वाटतं, आणि काही अंशी आहे. नियम ठाऊक होतात. पण फोनवर नेम धरला की बॉल कुठे जाणार याची रेघ स्क्रीनवर आधीच उमटते. ती रेघ मनात आखता येणं हीच खेळाडूची वर्षांची मेहनत. फोनवर शंभर डाव जिंकलेला मुलगा पार्लरमध्ये येतो, वाकतो, आणि कापडावर रेघ नाही हे बघून पहिल्याच शॉटला पांढरा घालवतो. त्या क्षणी त्याच्याशेजारी कुणीतरी उभं राहायला हवं. पुन्हा ठेव, पांढऱ्याच्या खाली मार, मागे येतो का बघ, एवढं म्हणणारं. नाहीतर तो परत फोनकडे जातो.

*

‘हरेल त्याने टेबलचे द्यायचे.’ सगळ्या पार्लरांचा हा अलिखित नियम, आणि पालकांच्या मनातली अढी इथूनच सुरू होते. शंभर-दोनशे रुपयांचा का होईना, पैसा हार-जितीवर ठरला. त्यात तळघरातली जागा, काळ्या काचा, दारात सिगारेटी. आई-बापांना दोष देता येत नाही. पार्लरवाल्यांनी मनावर घेतलं तर काळ्या काचा एका दिवसात निघतात. बाहेरून टेबल दिसलं की अर्धा संशय तिथेच मिटतो. मुलींचा प्रश्नही याच्याशी बांधलेला आहे. पुण्याच्या अरांचा सांचिसने महिलांच्या बिलियर्ड्स-स्नूकरमध्ये नाव काढलं, पण नगरच्या मुलीने सुरुवात करायची ठरवली तर तिने कुठल्या दारातून आत जायचं?

*

पोटापाण्याचं थोडक्यात. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने आशियाई खेळांत २००६ आणि २०१०ला सुवर्ण जिंकलं, त्याच्या जागतिक विजेतेपदांची यादी लांबलचक आहे, आणि तो नोकरी करतो ओएनजीसीत. आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू म्हणजे बहुधा हेच: कंपनीची नोकरी आणि तिच्या जोरावर खेळ. २०१०नंतर आशियाई खेळांतून क्यूचे खेळ गेले, तेव्हा नोकरी देणाऱ्यांचं एक कारणही गेलं. मध्यंतरी राज्य सरकारच्या शिवछत्रपती पुरस्काराच्या यादीतून बिलियर्ड्स-स्नूकर वगळलं गेलं होतं, कॅरम, गोल्फ, शरीरसौष्ठव यांच्यासोबत. नंतर ओरड झाल्यावर ते परत घेतलं. परत घेतलं ते चांगलं झालं. पण वगळलं तेव्हा नगरात कुणाला पत्ताही नव्हता, आणि ज्या खेळाला प्रेक्षक नाही त्याच्या बाबतीत हे पुन्हा कधीही होऊ शकतं.

*

बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचं समालोचन मराठीत केलं तेव्हा रेडिओशी बसलेल्या कितीतरी घरांत क्रिकेट पहिल्यांदा आपलं झालं. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं आणि त्यावर कबड्डी, खो-खोलाही जागा दिली. पूलला मराठीत असा बोलणारा अजून मिळालेला नाही. काम फार अवघडही नाही. नुसतं बॉल पडल्यावर कौतुक करून भागणार नाही. मराठीत करायचं तर शॉटच्या आधी बोलावं: आता हा तीन घालेल, पण बघा पांढरा कुठे नेतोय, त्याला पाच पाहिजे. मग शॉट. प्रेक्षकाला आधी माहीत असलं की काय बघायचं, तर पांढरा दोन इंच पुढे गेल्यावर तो स्वतःच ‘अरेरे’ म्हणतो.

*

करून बघण्यासारखं एक. गणेशोत्सवात आपल्या मंडळांच्या कॅरम स्पर्धा होतातच. स्लेटचं टेबल मांडवात नेता येत नाही. वजन फार, आणि हलवलं की लेव्हल पुन्हा लावत बसावं लागतं. तेव्हा मंडळांच्या विजेत्यांनाच एका दुपारी पार्लरमध्ये बोलवावं, घरच्यांसकट. टेबलावर एक कोरा कागद ठेवायचा. बॉल होलमध्ये आणि पांढरा कागदावर, तरच गुण. खेळाडू सराव करतात तो असाच. कागद आधी पूर्ण वहीच्या पानाएवढा, मग अर्धा, मग पाव. पार्लरमधला एखादा जाणता पोरगा प्रत्येक शॉटच्या आधी मराठीत सांगेल काय होणार आहे. बाकं शेजारच्या कार्यालयातून आणावी लागतील, आणि त्या दुपारचे टेबलाचे पैसे मालकाने घेऊ नयेत.