दोरा बांधलेली डबी

काजळाचा विषय निघाला की आपल्यातला प्रत्येकजण 'आमच्या आजीचं काजळ' म्हणून सुरू होतो. मीही तेच करणार आहे, पण त्यात माझी एक चूकही सांगायची आहे.

आम्ही इंदूरचे. माझं लहानपण रामबागेतल्या जुन्या घरात गेलं. शेजारी दिवाळीच्या रात्री काजळ पाडायचे. आमच्या आजीला ते पटायचं नाही. "तोपर्यंत माका जून होतो गं," म्हणायची. तिचं काजळ श्रावणात. खान नदीच्या अंगाला, ओलीच्या जागी माका माजलेला असायचा, बारीक पांढऱ्या फुलांचा. तो चुरडला की बोटं काळी व्हायची आणि दोन दिवस तशीच राहायची. शाळेत बाई विचारायच्या, शाई सांडली का?

जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा माक्याच्या रसात बुडवायचा, सावलीत वाळवायचा, परत बुडवायचा, असं तीनदा. मग त्याची वात. एरंडेलाची पणती, दोन बाजूंना दोन वाट्या, वर तांब्याचं ताम्हन पालथं. सगळी मेख त्या अंतरात. ताम्हन उंच राहिलं तर काजळी उडून जाते, फार खाली आलं तर ज्योत गुदमरते. आजी रात्री दोनदा उठून बघायची. इकडे ताम्हनात तूप पाण्याने फेसायचं काम आम्हा पोरींचं. शंभर वेळा पाणी बदलायचं म्हणे. आम्ही साठावर पोचलो की आकडे उड्या मारत पुढे जायचे. आजीला ते कळत असणार.

शेवटी भीमसेनी कापराची चिमूट. त्याने डोळ्याला गार वाटतं. पण माझे डोळे भारी नाजूक. कापूर लागला की धारा लागायच्या. "अगं, इतकी मिचमिच काय करून राहिलीस?" म्हणत तिने एकदा नीट बघितलं, आणि त्या वर्षापासून माझं काजळ वेगळं झालं. बिनकापराचं. डबी सारखीच, ओळखायला लाल दोरा बांधलेला. ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, दुसऱ्याचं बोट त्यात जायचं नाही. डोळ्यांची साथ आली की सगळ्यांचंच काजळ बंद. कुणी बायका मागायला आल्या तर आधी दहा प्रश्न. डोळा चुरचुरतो का? हल्ली येऊन गेला का? मग एकाच डोळ्यात लावून द्यायची, दुसऱ्यात उद्या. बायका हसायच्या, म्हातारी फार नखरे करते म्हणून.

आजी गेल्यावर बाजारचं वापरलं, सोसलं नाही. मधली कितीतरी वर्षं काजळाशिवायच गेली. निवृत्त झाल्यावर स्वतः करून बघितलं. तिसऱ्या खेपेला जमलं! इतका आनंद झाला की वाटत सुटले. भिशीतल्या एका मैत्रिणीने तिच्या कॉलेजातल्या नातीसाठी नेलं. "डोळे सेन्सिटिव्ह आहेत हो तिचे," ती म्हणाली होती. मी म्हटलं, "अहो घरचं आहे, वनस्पतीचं. याने काही होत नाही."

चौथ्या दिवशी फोन आला. मुलीचा डोळा लाल होऊन सुजला होता. ती लेन्स वापरते. डॉक्टर म्हणाले, काजळीचे कण लेन्सखाली जाऊन बुबुळावर ओरखडा आला. आठवडाभर थेंब घालून बरं झालं, देवाची कृपा. मैत्रीण काही बोलली नाही, पण पुढच्या भिशीला माझ्याशेजारी बसलीही नाही. लेन्सचं मी विचारलंच नव्हतं. काजळ म्हणजे शेवटी दिव्याची काजळीच, माका घातला तरी. आणि 'याने काही होत नाही' हे वाक्य मी आजीच्या तोंडून कधीही ऐकलेलं नाही.

आता सुनेची मैत्रीण म्हणते, "काकू, छान डब्या करू, हर्बल म्हणून विकू." मी नाही म्हटलं. अनोळखी माणसाला दहा प्रश्न कसे विचारू?

मार्चमध्ये नात झाली. लेक आधीच धास्तावलेली, आई डोळ्यात घालणार की काय. बाळांच्या डोळ्यात काजळ नको, हे तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं, आणि मला ते पटलेलं. मी फक्त तळपायाला एक तीट लावली. दोरा बांधलेल्या डबीतली.